मूठ आणि पाटी : सातारा जिल्ह्यातील लोकशिक्षण आणि लोकसहभाग (१९१९ ते १९७२)

प्रस्तावना

ग्रामीण विकासाच्या चर्चेत 'लोकसहभाग' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. शासकीय परिपत्रकांत तो असतो, प्रकल्पांच्या अहवालांत असतो, आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरवृत्तान्तांतही असतो. सभेस किती ग्रामस्थ उपस्थित होते, किती जणांनी श्रमदान केले, समितीवर किती सदस्य आहेत, यावरून सहभागाचे माप काढले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे माप अपुरे वाटते. गावाने शाळेसाठी काय दिले आणि ते दिल्यावर गावाला शाळेविषयी काय विचारता आले, हे दोन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय सहभागाची खोली कळत नाही.

प्रस्तुत निबंधात हे दोन प्रश्न सातारा जिल्ह्यातील दोन प्रयत्नांना विचारलेले आहेत. पहिला प्रयत्न म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था. दुसरा म्हणजे १९५९ साली याच जिल्ह्यात सुरू झालेली प्रौढ साक्षरतेची ग्रामशिक्षण मोहीम. एक प्रयत्न लोकांतून उभा राहिला, दुसरा शासनाच्या प्रेरणेने झाला. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मोहिमेला प्रारंभ झाला, हा योगायोग असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने सोयीचा आहे. एकाच भूमीवर, एका पिढीच्या अंतराने, शिक्षणासाठी गाव दोनदा एकत्र आले. ते दोन्ही वेळा सारख्याच अर्थाने एकत्र आले होते काय, हा या निबंधाचा विषय आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळासंबंधी 'सातारा' म्हटले की हा सगळा टापू समजावा.

वसतिगृहातील मूठ

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. सत्यशोधक विचार आणि राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृहांचे उदाहरण या दोन गोष्टींचा त्यांच्यावर प्रभाव होता. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला व मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. राजाला हे शक्य होते. सातारा ब्रिटिश मुलखात होता आणि भाऊरावांकडे ना हुकूम होता ना खजिना. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडलेल्या या माणसाला एवढे मात्र पक्के ठाऊक होते की शेतकऱ्याच्या घरात रोकड नसली तरी धान्य असते, आणि सुगीत नसले तरी दळणापुरते असतेच.

मुष्टिफंडाची कल्पना या अनुभवातून समजून घेतली पाहिजे. घरातील दळण काढताना किंवा भाकरीचे पीठ घेताना एक मूठ धान्य बाजूला टाकायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहासाठी द्यायचे. ही कल्पना साधी असली तरी तिचा सामाजिक अर्थ साधा नाही. गावगाड्यात सेवेचा मोबदला धान्यात देण्याची रीत जुनीच होती. सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावर बलुते मिळे. परंतु बलुते हे जातीने ठरलेले देणे-घेणे होते. दुसरीकडे विद्यार्थ्याला अन्न देण्याचीही रीत होती, ती माधुकरीची. मात्र माधुकरी मागण्याचा अधिकार एका वर्णाच्या विद्यार्थ्यापुरता होता, आणि देणाऱ्याच्या मनात पुण्याचा भाव होता. मुष्टिफंडाने या दोन्ही रीतींमधले धान्य तेवढे घेतले. जातीचे बंधन आणि पुण्याचा हिशेब बाजूला ठेवला. आपण दिलेली मूठ कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात जाणार आहे हे देणाऱ्याला माहीत नसे, आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एकाच पंक्तीत बसतात हे मात्र त्याला माहीत असे. हे ठाऊक असूनही देणे, हा त्या काळच्या खेड्यात लहान निर्णय नव्हता.

१९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात मुलेच स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. 'कमवा आणि शिका' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली योजना येथील रोजच्या जगण्यातून आकारास आली. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद आपण आज भिंतीवर रंगवितो. तेव्हा ते चुलीपाशी शिकवले जात होते. धान्य संपले त्या दिवसांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले, हे सर्वश्रुत आहे. १९३० साली त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या त्यागाचा उल्लेख संस्थेच्या इतिहासात आदराने होतो, तसा तो व्हावयासच हवा. परंतु त्याकडे केवळ एका साध्वीचा त्याग म्हणून पाहिले की एक मोठी गोष्ट नजरेआड होते. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

व्हॉलंटरी शाळा : गावाने मागितलेली शाळा

वसतिगृहातील मूठ गावाबाहेर जात होती. गावातल्या गावात शिक्षण उभे राहण्याचा टप्पा आला तो व्हॉलंटरी शाळांच्या रूपाने, आणि या टप्प्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे सरकारी धोरणाकडे वळावे लागते.

मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार लोकल बोर्डांकडे सोपविण्यात आला होता. १९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल आला. मुले शाळेत येतात पण टिकत नाहीत, एकाच इयत्तेत अडकून राहतात, तेव्हा शाळांची संख्या वाढविण्यापेक्षा आहेत त्या शाळा सुधाराव्यात आणि फार लहान, न परवडणाऱ्या शाळा कमी कराव्यात, असा त्या अहवालाचा रोख होता. समितीने मांडलेला गळतीचा प्रश्न खरा होता. पण हे तर्कशास्त्र पाटण किंवा जावळी तालुक्यातील डोंगरकपारीच्या वाडीला लावले की त्याचा अर्थ एकच होत असे : तुमच्या वाडीत शाळा होणार नाही. वाडी लहान आहे हा वाडीचा दोष ठरला. (पटसंख्येच्या निकषावर लहान शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव आपल्याही काळात येत असतात. त्या वेळी हार्टोग अहवालाची आठवण कोणी काढत नाही, एवढेच.)

१९३७ साली प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आले. खासगी संस्थांनी खेड्यांत शाळा काढल्यास त्यांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि भाऊरावांनी ही संधी कोणाहीपेक्षा अधिक वेगाने घेतली. त्यासाठी त्यांच्याकडे एक तयारी आधीच होती. १९३५ साली त्यांनी साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले होते. खेड्यातून आलेला, वसतिगृहात राबून शिकलेला मुलगा येथे शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जात असे. शिक्षक तयार होता आणि गाव तयार होते; इमारत नव्हती. तेव्हा देऊळ, चावडी, एखाद्याच्या घराची पडवी, मिळेल तेथे शाळा भरली. अशा व्हॉलंटरी शाळांची संख्या वाढत वाढत पाचशेच्या पलीकडे गेली.

या शाळांमध्ये सहभागाचे स्वरूप काय होते? माझ्या मते येथेच मुख्य मुद्दा आहे. अनुदान सरकारचे होते, व्यवस्थापन संस्थेचे होते. परंतु जागा गावाची होती आणि शिक्षक गावात राहात असे. त्याच्या भाकरीची, अंथरुणाची, दिव्याच्या तेलाची काळजी कोणी ना कोणी वाहात असे. अशा शिक्षकाला दोन दिवस शाळा बंद ठेवून घरी जाणे कठीण होते, कारण तो गेला हे साऱ्या गावाला दिसे आणि विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे गावाला वाटे. तपासनीस वर्षातून एकदा येई, गावाची तपासणी मात्र रोज होत होती. देणारा जाब विचारतो, हा व्यवहारातला साधा नियम येथे शिक्षणाला लागू झाला. १९४८ साली सरकारशी झालेल्या मतभेदातून संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हाही संस्था कोसळली नाही, याचे कारण या संबंधातच शोधावे लागेल.

हे चित्र फार गोड करून रंगविण्याचेही कारण नाही. गाव म्हणजे एकमुखी वस्तू नव्हे. शाळा देवळात भरे तेव्हा अस्पृश्य मुलांनी कोठे बसावे हा प्रश्न शाळा भरण्याआधीच उभा राहात असणार. वसतिगृहातील एक पंक्ती साताऱ्यात शक्य होती, कारण तेथे भाऊराव होते. प्रत्येक वाडीत भाऊराव नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे या काळात कायद्याचा प्रवाह उलट दिशेने वाहात होता. १९३८ च्या दुरुस्तीने आणि पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्रशासनाची सूत्रे अधिकाधिक प्रांत सरकारच्या अधिकाऱ्यांकडे गेली. व्हॉलंटरी शाळाही कालांतराने स्कूल बोर्डाकडे वर्ग झाल्या. शिक्षकाच्या पगाराच्या दृष्टीने हे इष्टच होते. अर्धपोटी शिक्षकाच्या त्यागावर राष्ट्राचे शिक्षण उभारता येत नाही. पण पगार तालुक्याहून येऊ लागला तसा जाबही तालुक्यालाच द्यायचा झाला, ही या स्थित्यंतराची दुसरी बाजू होय.

१९५९ : मोहिमेचे गाव

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गट विकास अधिकारी, ग्रामसेवक, शेती, आरोग्य, समाजशिक्षण अशी मोठी यंत्रणा उभी राहिली. पाचच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीला असे आढळले की यंत्रणा गावापर्यंत पोहोचली असली तरी गावाचा पुढाकार तिला जागविता आलेला नाही. पंचायत राज्याची शिफारस या निदानातून आली. महाराष्ट्रात ते १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदांच्या रूपाने प्रत्यक्षात आले. या दोन घटनांच्या मधल्या काळात साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे. विकासाच्या यंत्रणेला लोक हवे होते, आणि ते कसे मिळवावेत याचा शोध सुरू होता.

मोहिमेची रचना थोडक्यात अशी. सुमारे चौदा ते पन्नास वयोगटातील गावचे सर्व निरक्षर स्त्री-पुरुष काही महिन्यांत साक्षर करावयाचे. शिकविणारे म्हणजे गावातील शिक्षक, शिकलेले तरुण, वरच्या वर्गातील विद्यार्थी. मानधन नाही, वेगळी इमारत नाही. एकेकट्या माणसाला साक्षर करण्याऐवजी संपूर्ण गाव हा घटक धरलेला. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. वाजतगाजत मिरवणूक, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार, कधी त्याच दिवशी रस्त्याचे किंवा शाळेच्या खोलीचे उद्घाटन. खर्च नगण्य आणि उत्साह अपार, असे या मोहिमेचे वर्णन करता येईल. त्या वेळी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते व ते याच जिल्ह्याचे, कराडचे होते, ही गोष्टही साताऱ्यातील प्रशासनाच्या उत्साहाला पोषक ठरली असावी. पुढील काही वर्षांत मोहीम राज्यभर पसरली आणि १९७२ साली तिला साक्षरतेचा युनेस्को पुरस्कार मिळाला.

मोहीम साताऱ्यातच प्रथम का रुजली? मोहिमेच्या पद्धतीत याचे उत्तर पुरेसे सापडत नाही, कारण तीच पद्धत पुढे इतरत्र नेल्यावर तेवढी फळली नाही. साताऱ्यात वीस-पंचवीस वर्षे आधीपासून वाडीवाडीत शिक्षक पोहोचलेला होता. शिक्षणासाठी गावाने काही द्यायचे असते, ही गोष्ट येथील दोन पिढ्यांना नवी नव्हती. १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारने गावच्या प्रश्नांचा निवाडा गावात करण्याची सवय लावली होती. मोहिमेने ही साठलेली पुंजी वापरली. वापरली हे चांगलेच झाले. पण ती पुंजी आहे हे न ओळखता तिला पद्धतीचे यश मानले गेले आणि पद्धतीच्या प्रती काढून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविण्यात आल्या, असे माझे मत आहे.

पुढचा भाग परिचित आहे. अमुक मुदतीत अमुक गावे, असे उद्दिष्ट ठरले की उद्दिष्ट पुरे होते. नवसाक्षर झालेल्याच्या घरी वाचायला काही नव्हते, लिहिण्याचे निमित्त नव्हते. फिरत्या वाचनालयांची योजना होती, तथापि ती सगळीकडे पोहोचणे शक्य नव्हते. समारंभानंतर दोन-चार वर्षांत अक्षरे पुसली गेली अशी तक्रार मोहीम चालू असतानाच होऊ लागली. जनगणनेप्रमाणे पाच वर्षांवरील लोकसंख्येत महाराष्ट्राचा साक्षरता दर १९५१ मध्ये २७.९१ टक्के, १९६१ मध्ये ३५.०८ टक्के आणि १९७१ मध्ये ४५.७७ टक्के होता. वाढीचा वेग वाढलेला दिसतो खरा, पण याच दशकात खेडोपाडी प्राथमिक शाळा झाल्या आणि मुले मोठ्या संख्येने शिकू लागली, त्यांचा वाटा या वाढीत मोठा असणार. गावेच्या गावे शंभर टक्के साक्षर झाल्याचे गौरवपत्र आणि निम्म्याहून अधिक जनता निरक्षर असल्याचे जनगणनेचे आकडे, हे दोन कागद शेजारी ठेवले की मोहिमेची मर्यादा स्पष्ट होते. गाव येथे मोजले जात होते. त्याने काय शिकायचे, केव्हा थांबायचे आणि साक्षर कोणास म्हणायचे, हे गाव ठरवीत नव्हते.

मूठ कोणाची होती?

येथवरच्या विवेचनातून रयतेचा प्रयत्न खोल आणि मोहीम उथळ असा निकाल निघतो. मीही काही काळ तसाच निकाल काढीत होतो. परंतु एक प्रश्न मध्ये आडवा येतो.

मुष्टिफंडाची मूठ कोणाच्या हाताची होती? पुरुषाने खळ्यावरून पायलीने मापून दिलेले धान्य वेगळे. जात्याजवळ, चुलीपाशी, रोजच्या दळणातून काढलेली मूठ ही बाईच्या हाताची होती. घरात धान्य किती आहे, किती दिवस पुरेल, कोणाच्या ताटातली अर्धी भाकर कमी केली म्हणजे ही मूठ निघेल, हा हिशेब तिचा होता. मोठ्या देणगीदारांची नावे इमारतींवर कोरली गेली, अहवालांत छापली गेली. मुठीला पावती नसते. त्यामुळे या चळवळीचा सर्वांत मोठा दातावर्ग आपल्या साधनांत कोठेच नाही. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची कथा आपल्यापर्यंत पोहोचली, कारण त्या भाऊरावांच्या पत्नी होत्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या हजारो बायकांची मूठ दस्तऐवजाविना गेली.

आणि ती मूठ ज्या वसतिगृहात जात होती तेथे शिकत होती ती मुख्यतः मुले. संस्थेने स्त्रियांकडे दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४२ साली साताऱ्यास जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले होते. तरीही सुरुवातीच्या दोन दशकांचा तोल पाहता, देणारी बाई आणि शिकणारा मुलगा असे हे चित्र होते. 'देणारा जाब विचारतो' हा जो नियम मी वर मांडला तो या बाईला लागू पडत नव्हता. शिक्षकाला जाब विचारणारे गाव म्हणजे चावडीवरचे गाव, आणि चावडीवर ती नव्हती.

ग्रामशिक्षण मोहिमेने सगळे गाव हा घटक धरल्यामुळे एक गोष्ट अभावितपणे घडली. बाई मोजणीत आली. ती साक्षर झाल्याशिवाय गावाचा गौरव होणार नव्हता, म्हणून सासऱ्याला, नवऱ्याला तिला रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसू देणे भाग पडले. हेतू गावाच्या मिरवणुकीचा असेल, पाटी मात्र तिच्या हातात आली. आकड्यांच्या हव्यासाने चालणारी योजना कधी कधी ज्याला कोणी मोजत नव्हते त्याच्यापर्यंत पोहोचते. उथळ म्हणून मोहीम मोडीत काढताना हे विसरता येत नाही.

आज कायद्याने या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांना असतात. समितीला शाळेच्या कामावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करावयाची असते. म्हणजे जाब विचारण्याचा अधिकार आता कागदावर बाईकडे आहे. क्षेत्रभेटीच्या निमित्ताने अशा एका समितीच्या बैठकीस मी उपस्थित होतो. शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. बैठक सुरू होण्यापूर्वीच इतिवृत्त लिहून तयार होते. महिला सदस्य एकेक करून आल्या, दाखविलेल्या जागी सह्या केल्या आणि भांगलणीला उशीर होतो म्हणून निघून गेल्या. त्यांतील एकीने दारात थांबून विचारले, "मास्तर, पोरांच्या जेवणाचं तांदूळ आलं का?" तो प्रश्न इतिवृत्तात नव्हता.

माझी आजी याच जिल्ह्यातील एका लहान गावची. मोहिमेच्या काळात ती चार महिने पाटीवर बसली होती आणि गावाच्या मिरवणुकीत तिने डोक्यावर कळस घेतला होता. मला कळू लागले तेव्हा तिला वाचता येत नव्हते, गौरव झालेल्या तिच्या गावातील इतर अनेकींप्रमाणे तीही अक्षरे विसरली होती. सही मात्र येत होती. बँकेत पेन्शनच्या दिवशी कारकून सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवी. ती तो बाजूला करी, पेन मागून घेई, आणि मागची रांग थांबवून ठेवून, नावातील वेलांटी जागेवर पडेपर्यंत सावकाश सही करी.